फाइलचा आणि अॅप्लिकेशनचा आयकॉन प्रोग्रॅममधून कसा मिळवायचा?

निळी_रेघ

मंडळी, सी-शार्पमध्ये एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहितोय. फोल्डर निवडला की आतल्या सगळ्या फाइलींची यादी, वर शोधायची खिडकी, एवढंच. प्रत्येक ओळीच्या डावीकडे विंडोज एक्सप्लोररमध्ये दिसतो तोच आयकॉन हवाय. सध्या डॉटनेटमधलं आयकॉन क्लासचं एक्स्ट्रॅक्टअसोसिएटेडआयकॉन वापरतोय आणि त्यात पुढच्या भानगडी आहेत:

नेटवर्कवरचा, म्हणजे दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पाथ दिला की थेट अर्ग्युमेंटएक्सेप्शन. लोकल डिस्कवर चालतं, पण यादी मोठी असली की स्क्रोल करताना विंडो गोठते. आयकॉन कायम ३२ × ३२ चाच मिळतो, तो १६ ला आणला की भुरकट होतो आणि मोठा केला की बघवत नाही.

शिवाय यादीतल्या बऱ्याच नोंदी झिप फाइलींच्या आतल्या आहेत. त्या डिस्कवर सुट्या नाहीतच, हातात फक्त नाव आहे. त्यांनाही आयकॉन हवा.

सरळ रजिस्ट्री (विंडोज आपली सेटिंग्ज ठेवतो ती जागा) वाचून आपणच शोधून काढावं असं मनात आहे. कुणी केलंय का?

---

अर्धा_बाइट

केलंय की. फार अवघड नाही. एचकेईवाय क्लासेस रूटखाली ‘.पीडीएफ’ अशी की असते, तिची डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणजे प्रोगआयडी, त्या प्रकाराचं रजिस्ट्रीतलं नाव. त्या प्रोगआयडीच्या कीखाली ‘डीफॉल्टआयकॉन’ असतं. त्यात फाइलचा पाथ, मग स्वल्पविराम, मग क्रमांक. तो पाथ आणि क्रमांक एक्स्ट्रॅक्टआयकॉनईएक्सला दिला की आयकॉन हातात. एका बैठकीत होतं.

---

शून्यदर्शक

अर्धा_बाइट, तुम्ही दिलेला रस्ता बरोबर आहे, पण तो विंडोज ९५ च्या काळातल्या साध्यासुध्या फाइलींपुरता. एका बैठकीत होतं ते पहिलं व्हर्जन. पुढे काय काय वाढून ठेवलंय ते सांगतो.

एक म्हणजे हल्ली ‘ही फाइल कशाने उघडायची’ हे वापरणाऱ्याने निवडलं की ते क्लासेस रूटमध्ये जात नाही. ते करंट यूजरखाली एक्सप्लोररच्या ‘फाइलएक्स्ट्स’ कीमध्ये त्या एक्स्टेन्शनखाली ‘यूजरचॉइस’ म्हणून बसतं. म्हणजे क्लासेस रूटमधला प्रोगआयडी एक सांगणार आणि एक्सप्लोरर दुसराच आयकॉन दाखवणार. वापरणाऱ्याने ब्राउझर बदलला की ‘.एचटीएमएल’वर हे लगेच दिसेल.

डीफॉल्टआयकॉनच्या व्हॅल्यूत कधी सिस्टमरूटसारखी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतात, ती उलगडावी लागतात. पाथला अवतरणचिन्हं असतात किंवा नसतात. पाथमध्येच स्वल्पविराम असू शकतो, म्हणून तोडायचं ते शेवटच्या स्वल्पविरामावर. क्रमांक ऋण असला तर तो अनुक्रम नसून रिसोर्सचा आयडी असतो. आणि ‘%१’ लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ ‘आयकॉन त्या फाइलच्याच पोटात बघा’. ‘.ईएक्सई’ आणि ‘.आयसीओ’चं असंच असतं.

काही प्रोगआयडींना डीफॉल्टआयकॉन नसतंच. तिथे शेल, म्हणजे विंडोजचा फाइली-फोल्डर दाखवणारा भाग, फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा छोटा आयकॉन कोऱ्या कागदाच्या चित्रावर बसवून स्वतःच एक आयकॉन तयार करतो. काहींना ‘आयकॉनहँडलर’ नावाचं शेल एक्स्टेन्शन (शेलमध्ये चालणारा जोड-कोड) असतं, ते फाइल उघडून बघून आयकॉन ठरवतं. त्यात सिस्टमफाइलअसोसिएशन्स आणि परसीव्हडटाइप या रजिस्ट्रीतल्या आणखी दोन नोंदी धरा.

हे सगळं आपण परत लिहायचं म्हणजे एक्सप्लोररचा निम्मा कारभार परत लिहायचा, आणि पुढच्या विंडोजमध्ये त्यांनी नियम बदलले की परत बसायचं. फाइलमध्ये आयकॉन ‘साठवलेला’ असतो ही कल्पनाच डोक्यातून काढा. कुठल्या फाइलला कोणता आयकॉन, हा त्या क्षणी त्या वापरणाऱ्यासाठी शेलने दिलेला निवाडा असतो. म्हणून शेललाच विचारायचं. त्यासाठी विंडोजचं फंक्शन आहे, एसएचगेटफाइलइन्फो.

आणि विचारताना प्रश्न फाइलबद्दल नाही, प्रकाराबद्दल विचारायचा. त्याला एसएचजीएफआय_यूजफाइलअॅट्रिब्यूट्स हा फ्लॅग आहे. तो दिला की विंडोज डिस्कला हातच लावत नाही. नुसतं ‘अ.पीडीएफ’ असं नाव आणि फाइल_अॅट्रिब्यूट_नॉर्मल द्यायचं, फाइल असो वा नसो, पीडीएफचा आयकॉन मिळतो. झिपमधल्या नोंदींचा प्रश्न इथेच सुटला. नेटवर्कचाही सुटला, कारण नेटवर्कवर जायचंच नाही. फोल्डरसाठी फाइल_अॅट्रिब्यूट_डिरेक्टरी द्या, साधा पिवळा फोल्डर मिळेल.

मग एक्स्टेन्शनला किल्ली करून आलेला आयकॉन डिक्शनरीत ठेवा, तीच तुमची कॅश. यादीत फाइली कितीही असोत, एक्स्टेन्शनं मोजकीच असतात.

---

मोकळी_फ्रेम

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

तिरकस_चौकट

शून्यदर्शक यांच्याशी सहमत, पण कॅशमधून चार प्रकार वगळावे लागतील: ‘.ईएक्सई’, ‘.एलएनके’, ‘.आयसीओ’ आणि ‘.सीयूआर’. यांचा आयकॉन फाइलगणिक वेगळा. एक्स्टेन्शनवर कॅश केला तर सगळ्या प्रोग्रॅमांना एकच चेहरा येईल. यांच्यासाठी पूर्ण पाथ किल्ली धरायची आणि तो फ्लॅग काढून खरोखर फाइल उघडू द्यायची. हे काम मेन थ्रेडवर मुळीच करायचं नाही.

थ्रेडबद्दलही एक गोष्ट. एसएचगेटफाइलइन्फो बोलावण्याआधी त्या थ्रेडवर कॉम (विंडोजची घटक जोडणारी यंत्रणा) सुरू केलेलं असावं लागतं, नाहीतर काही फाइलींना आयकॉन येतो, काहींना नाही, आणि कारण सापडत नाही. डॉटनेटच्या थ्रेडपूलमधले थ्रेड एमटीए (कॉमच्या अनेक-थ्रेडवाल्या पद्धतीचे) असतात. एक वेगळा थ्रेड काढा, त्याला एसटीए (एक-थ्रेडवाला) करा, त्याच्यासमोर एक रांग ठेवा. स्क्रीनवर दिसणाऱ्या ओळींचेच आयकॉन मागायचे. तोवर साधा कोरा कागद दाखवायचा. स्क्रोल करून ओळ वर निघून गेली तर तिची मागणी रांगेतून काढून टाकायची. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, मग रांग अशा ओळींसाठी राबत बसते ज्या आता कुणी बघत नाहीये.

---

निळी_रेघ

सगळ्यांचे आभार. फ्लॅग लावला, कॅश लावली. स्क्रोल आता लोण्यासारखं.

पण नवीन प्रकरण निघालं. प्रोग्रॅम बराच वेळ चालू राहिला आणि बरेच फोल्डर उघडून झाले की बटणं रंगवली जात नाहीत, मेनू रिकामा उघडतो, आणि मग कुठेतरी भलत्याच ठिकाणी एक्सेप्शन येतं. मेमरी तर अगदी थोडी वापरली जातेय.

---

शून्यदर्शक

मेमरी बघू नका, टास्क मॅनेजर उघडा. डीटेल्सच्या पानावर कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हे दोन कॉलम चालू करा, विंडोजकडून घेतलेले आयकॉन, बिटमॅप त्यांत मोजले जातात. आता तुमचा प्रोग्रॅम वापरत राहा आणि आकडे बघा. ते चढतच असतील. दोन्हींची मर्यादा मुळात प्रत्येक प्रोसेसला १०,००० असते. तिथे पोचलात की विंडोज नवीन काही काढून देत नाही, आणि तुम्ही सांगताय तीच लक्षणं दिसतात.

एसएचगेटफाइलइन्फोने दिलेला एचआयकॉन हँडल (विंडोजकडच्या त्या आयकॉनचा क्रमांक) तुमच्या मालकीचा असतो. काम झालं की डिस्ट्रॉयआयकॉन बोलवायचंच. डॉटनेटमधली खोच अशी की आयकॉन.फ्रॉमहँडलने बनवलेली वस्तू त्या हँडलची मालकी घेत नाही. डिस्पोज केलं तरी हँडल तसाच राहतो, गार्बेज कलेक्टरही त्याला हात लावत नाही. म्हणून: फ्रॉमहँडल, मग क्लोन, मग मूळ हँडलवर डिस्ट्रॉयआयकॉन. हे फायनलीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मधेच काही फुटलं तरी सुटत नाही.

आणि गेटआयकॉनइन्फो वापरत असाल तर आणखी जपून. ते आयकॉनच्या रंगाचा आणि मास्कचा असे दोन बिटमॅप नवीन बनवून देतं. दोन्हींवर डिलीटऑब्जेक्ट लागतं. आयकॉन नष्ट केला म्हणून ते जात नाहीत.

---

निळी_रेघ

सापडलं! ‘.ईएक्सई’ वगैरेंच्या रस्त्यावर क्लोन होतं, डिस्ट्रॉय नव्हतं. आता आकडे स्थिर आहेत. उरला मोठ्या आयकॉनचा प्रश्न. ४८ आणि २५६ हवेत.

---

तिरकस_चौकट

दोन रस्ते आहेत.

पहिला: एसएचगेटफाइलइन्फोकडून आयकॉन न मागता एसएचजीएफआय_सिसआयकॉनइंडेक्सने फक्त क्रमांक मागा आणि एसएचगेटइमेजलिस्टकडून शेलची स्वतःची इमेज लिस्ट घ्या. त्यात स्मॉल १६, लार्ज ३२, एक्स्ट्रालार्ज ४८ आणि व्हिस्टापासून जम्बो २५६. ४८ पर्यंत हा रस्ता झकास. जम्बोत एक घाण आहे: त्या प्रोग्रॅमने २५६ चं चित्र दिलेलंच नसेल, तर शेल ४८ चं चित्र २५६ च्या रिकाम्या चौकोनात वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून देतो. तुमच्या ग्रिडमध्ये काही आयकॉन भलेमोठे आणि काही कोपऱ्यात अंग चोरून बसलेले दिसतील.

दुसरा, आणि मी हाच घेईन: आयशेलआयटमइमेजफॅक्टरी. हाही व्हिस्टापासून आहे. एसएचक्रिएटआयटमफ्रॉमपार्सिंगनेमने वस्तू मिळवा, गेटइमेजला हवं ते माप द्या, सोबत एसआयआयजीबीएफ_आयकॉनओन्ली. हा फ्लॅग विसरलात तर फोटोंच्या जागी आयकॉनऐवजी थंबनेल येतील. कोपऱ्याची भानगड इथे नाही. मात्र यासाठी फाइल खरोखर असावी लागते, त्यामुळे झिपमधल्या नोंदींना पहिलाच रस्ता.

गेटइमेज एचबिटमॅप देतं, त्यावर डिलीटऑब्जेक्ट. आणि त्याला इमेज.फ्रॉमएचबिटमॅपने बदललंत तर पारदर्शकता उडते, आयकॉनमागे काळा चौकोन येतो. अल्फा ‘प्रीमल्टिप्लाइड’ (रंग पारदर्शकतेने आधीच गुणलेले) असतो, त्याच फॉर्मॅटचा बिटमॅप बनवून बाइट स्वतः उतरवून घ्यावे लागतात. डब्ल्यूपीएफमध्ये (डॉटनेटची खिडक्या बनवायची एक पद्धत) असाल तर क्रिएटबिटमॅपसोर्सफ्रॉमएचबिटमॅप आहे. ते वापरून झालं की फ्रीझ बोलवा, नाहीतर दुसऱ्या थ्रेडवर बनवलेलं चित्र यूआयच्या थ्रेडला वापरता येणार नाही.

---

कळदाबे

एक बाळबोध शंका. एवढा आटापिटा कशाला? मी माझ्या सॉफ्टवेअरमध्ये वीसेक चित्रं देऊन टाकतो. वर्ड, एक्सेल, पीडीएफ, चित्र, गाणं, बाकी सगळ्यांना कोरा कागद. कधी कुणी तक्रार केली नाही.

---

शून्यदर्शक

शंका बाळबोध नाही. यादीतले प्रकार आधीच ठाऊक असतील तर हाच शहाणपणा. अडतं कुठे, तर फाइली कुठल्याही असू शकतात तिथे. कॅडचं, हिशेबाचं, वैद्यकीय यंत्रांचं सॉफ्टवेअर आपापली एक्स्टेन्शनं घेऊन येतं आणि त्यांचे वापरणारे आयकॉन बघूनच फाइल ओळखतात. तिथे वीस चित्रं पुरत नाहीत.

---

अर्धा_बाइट

रजिस्ट्रीचा हट्ट सोडला. :) पण शून्यदर्शक, शेलला विचारायचं म्हणजे भलत्याच कंपन्यांच्या डीएलएल (कोडच्या फाइली) आपल्या प्रोसेसमध्ये येऊन बसणार, त्याचं काय? एखादं आयकॉनहँडलर कोसळलं की आपला प्रोग्रॅमही खलास.

---

शून्यदर्शक

मुद्दा रास्त आहे. कोसळण्यापुरताच नाही, सुरक्षेचाही. २०१० चा स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम आठवा. तो यूएसबीवरून पसरायचा तेव्हा कुणी काही डबल क्लिक करायची गरज नव्हती. शॉर्टकटच्या ‘.एलएनके’ फाइलीचा आयकॉन दाखवण्यासाठी शेल एक डीएलएल लोड करायचा, आणि त्या लोड होण्यातच घातक कोड चालायचा. फोल्डर उघडून यादी नुसती दिसली की काम तमाम. मायक्रोसॉफ्टने त्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅच काढला. पण अनोळखी फाइलीचा आयकॉन मागणं हे अगदी निरुपद्रवी काम नाही, एवढं त्यातून घ्यायचं.

म्हणून नाव-अॅट्रिब्यूटवाला रस्ता जिथे चालेल तिथे तोच. त्यात फाइल उघडली जात नाही, त्यामुळे फाइलगणिक हँडलर चालवायचा प्रश्न येत नाही. आणि फक्त ‘.ईएक्सई’च्या पोटातला आयकॉन हवा असेल तर ती फाइल लोडलायब्ररीईएक्सने ‘डेटाफाइल’ म्हणून उघडून रिसोर्स वाचता येतो. तसं उघडलं की तिच्यातला कोड चालत नाही. फारच धास्ती असेल तर आयकॉन आणायचं काम वेगळ्या छोट्या प्रोसेसकडे द्या, ती पडली तर परत उठवा.

---

मोकळी_फ्रेम

अवांतर: फाइलीवर दिसणारी ती हिरवी बरोबरची खूण किंवा निळे बाण, त्यांना ओव्हरले म्हणतात. विंडोज एकूण १५ च ओव्हरले धरतो आणि त्यातले काही स्वतःसाठी राखून ठेवतो. उरलेल्या जागांसाठी मारामारी. यादी नावाच्या क्रमाने लावली जाते, म्हणून काही सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरनी रजिस्ट्रीत आपल्या नावाआधी रिकाम्या जागा टाकल्यात, वर नंबर लागावा म्हणून. मग दुसऱ्याने त्याहून जास्त रिकाम्या जागा टाकल्या. बघा उघडून, मजा येते.

---

पेंग्विन_पाहुणा

लिनक्सवर हा खेळ वेगळा आहे, दोन शब्द टाकतो.

इथे चित्र मिळत नाही, नाव मिळतं. फाइलचा माइमटाइप (प्रकाराचं प्रमाण नाव) काढायचा, त्यावरून आयकॉनचं नाव, आणि त्या नावाचं चित्र वापरणाऱ्याने लावलेल्या थीममध्ये शोधायचं. फ्रीडेस्कटॉपची दोन स्पेसिफिकेशन आहेत, एक माइमटाइपच्या माहितीचं आणि एक आयकॉन थीमचं. जीआयओ या लायब्ररीमध्ये फाइलकडे ‘स्टँडर्ड::आयकॉन’ मागितलं की बहुतेक वेळा थीम्डआयकॉन येतो. त्यात एक नाही, नावांची यादी असते: पायथनच्या फाइलीला आधी ‘टेक्स्ट-एक्स-पायथन’, ते थीममध्ये नसेल तर ‘टेक्स्ट-एक्स-जेनेरिक’. यादीतलं पहिलंच नाव घेऊन मोकळे होऊ नका. थीममध्ये नसेल तर तिच्या ‘इनहेरिट्स’मधल्या थीम, आणि सगळ्यात शेवटी हायकलर ही ठरलेली थीम.

अॅप्लिकेशनचा आयकॉन हवा असेल तर त्याची ‘.डेस्कटॉप’ फाइल वाचा. ‘आयकॉन=’ पुढे नुसतं नाव असेल तर थीममध्ये शोधा, पूर्ण पाथ असेल तर तीच फाइल. फ्लॅटपॅकने बसवलेल्या अॅप्सच्या ‘.डेस्कटॉप’ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, म्हणून जागा कोडमध्ये ठोकून न बसवता एक्सडीजी_डेटा_डर्स हे व्हेरिएबल वाचायचं.

---

कळदाबे

आणि मॅकवर?

---

पेंग्विन_पाहुणा

मॅकवर सगळ्यात सोपं. एनएसवर्कस्पेसला ‘आयकॉन फॉर फाइल’ विचारलं की एनएसइमेज. फाइल नसेल, फक्त प्रकार असेल, तर मॅकओएस ११ पासून यूटीटाइप देऊन विचारता येतं. एकच लक्षात ठेवा: आलेल्या चित्राचं माप ३२ × ३२ दिसतं म्हणून लोक ते ताणून मोठं करतात. त्याच वस्तूत मोठी चित्रंही असतात, साइझ बदलली की योग्य ते उचललं जातं.

तिन्हीकडे चालणारं हवं असेल तर क्यूटीचं क्यूफाइलआयकॉनप्रोव्हायडर. जावामध्ये फाइलसिस्टमव्ह्यूचं गेटसिस्टमआयकॉन आहे, त्याला जावा १७ पासून रुंदी-उंचीही देता येते. इलेक्ट्रॉनमध्ये अॅपचं गेटफाइलआयकॉन आहे, पण त्याचा ‘लार्ज’ विंडोजवर ३२ चाच आणि मॅकवर चालतच नाही.

---

निळी_रेघ

मॅक-लिनक्स सध्या नको, पण जपून ठेवतो. शेवटचे दोन प्रश्न. एक, चालू असलेल्या अॅप्लिकेशनचा आयकॉन, म्हणजे ‘ही फाइल आत्ता कुणी उघडून ठेवलीय’ हे दाखवायला. दोन, वापरणाऱ्याने मधेच डीफॉल्ट प्रोग्रॅम बदलला तर माझ्या कॅशला कसं कळणार?

---

तिरकस_चौकट

पहिल्याचं: प्रोसेस आयडीवरून क्वेरीफुलप्रोसेसइमेजनेमने ‘.ईएक्सई’चा पाथ घ्या आणि वरच्याच रस्त्याने जा. विंडोचाच आयकॉन हवा असेल तर डब्ल्यूएम_गेटआयकॉन पाठवा, काही आलं नाही तर विंडो क्लासकडून जीसीएलपी_एचआयकॉन. पाठवताना सेंडमेसेजटाइमआउट वापरा, नाहीतर समोरची विंडो अडकलेली असली की तुम्हीही अडकलात. आणि हा हँडल त्या विंडोचा असतो, तुमचा नाही, याच्यावर डिस्ट्रॉयआयकॉन चालवू नका. ठेवायचा असेल तर कॉपीआयकॉनने प्रत काढा, त्या प्रतीला मात्र डिस्ट्रॉय लागतं.

स्टोअरमधल्या अॅपना हे लागू पडत नाही. त्यांची विंडो बऱ्याचदा अॅप्लिकेशनफ्रेमहोस्ट या विंडोजच्याच प्रोग्रॅमची निघते आणि सगळ्यांना त्याचाच आयकॉन येतो. तिथे अॅपचा यूजरमॉडेलआयडी (त्याची विंडोजमधली ओळख) काढून ‘शेल:अॅप्सफोल्डर’ पुढे बॅकस्लॅश आणि तो आयडी जोडायचा, आणि ते नाव आयशेलआयटमइमेजफॅक्टरीच्या रस्त्याला द्यायचं.

---

शून्यदर्शक

दुसऱ्याचं: असोसिएशन, म्हणजे फाइल-प्रोग्रॅमची जोडी, बदललं की शेल एसएचसीएनई_असोकचेंज्ड ही सूचना सोडतो. एसएचचेंजनोटिफायरजिस्टरने तुमच्या विंडोचं नाव त्यासाठी नोंदवा. सूचना आली की एक्स्टेन्शनवाली सगळी डिक्शनरी रिकामी करा, कुठलं एक्स्टेन्शन बदललं ते शोधत बसू नका. दिसणाऱ्या ओळींचे आयकॉन रांगेतून परत येतीलच. डिक्शनरी रिकामी करताना आतल्या आयकॉनवर डिस्पोज बोलवा, पण ओळ रंगवून होईपर्यंत थांबून.

---

निळी_रेघ

लावतो. स्टोअर अॅपचं जमलं नाही तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

अर्धा_बाइट

व्यनि नको, इथेच लिहा. मलाही तेच लागणार आहे.